ताटाची डावी बाजू

"हे कुठायत?" ताईनं विचारलं.

"कोण, दाजी? शिरोलीत असतील की," मी म्हणालो. "कारखान्यात."

मी थट्टा करत नव्हतो. अलास्कातल्या एका गोठलेल्या नदीच्या काठी, वजा पस्तीस अंश थंडीत, चौकीच्या दारात उभं राहून ताईच्या हातातला सूपचा पेला घेता घेता मी हे अगदी सरळ तोंडानं सांगितलं. दाजी, म्हणजे ताईचा नवरा जयदीप इंगवले, माझ्या मागून दुसऱ्या गाडीवर येत होते. दोन हजार किलोमीटर आम्ही असेच पुढं-मागं आलो होतो. तासाभरापूर्वी मी त्यांच्याशी कडाकडा भांडलो होतो. आता ताई माझ्या खांद्यावरून नदीकडं बघत होती, नदीवर चिटपाखरू नव्हतं, आणि मला त्यात काहीही वावगं वाटत नव्हतं.

"पृथ्या, शुद्धीवर आहेस का?"

"मस्त आहे. दुसरा नंबर लागतोय आपला."

हे वाक्य मी बोललोय. त्यावर पांघरूण घालून उपयोग नाही. लोक विचारतात तेव्हा मी इथूनच सुरुवात करतो, म्हणजे पुढचं ऐकायचं की उठून जायचं ते त्यांनी आधीच ठरवावं.

*

आम्ही कोल्हापूरचे. दाजींचा शिरोलीत कारखाना. ऊसतोडणी यंत्राखाली जो दातेरी पट्टा असतो, तो आम्ही बनवायचो. चिखलात न रुतणारा पट्टा बर्फातही रुतत नाही, हे दाजींच्या डोक्यात आलं आणि त्यातून आमची बर्फगाडी जन्मली. पुढं चाकांच्या जागी दोन स्की, मागं रबरी पट्टा, वर मोटारसायकलसारखं बूड टेकायचं. चढाला चिकटून राहायची म्हणून दाजींनी तिचं नाव ठेवलं घोरपड. सरहद्दीवरच्या जवानांनी ती वापरली, नावाजली. मग दाजींना वाटायला लागलं, जगातल्या सगळ्यात अवघड शर्यतीत हिला पळवू या. गाडी त्यांनी बनवली होती आणि हाकायचा मी. लहानपणापासून डोंगरात मोटारसायकली पळवून हाडं मोडून घेतलेला माणूस घरात आयता होता.

शर्यत बत्तीसशे किलोमीटरची. फेब्रुवारीत गोठलेल्या नद्यांवरून. गावं शंभर-दीडशे किलोमीटरवर एक, मधे काही म्हणजे काही नाही. म्हणून जोडीनंच पळायचं, एका जोडीच्या दोन गाड्या. आणि जोडीतला एक जरी राहिला तरी दुसऱ्याचा नंबर धरत नाहीत. पूर्वी सक्तीची विश्रांती असायची, ठरावीक चौक्यांवर सहा-सहा तास. पाळीपट्टी आली आणि तो नियम गेला.

ही पट्टीची भानगड सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

जागा बदलली की पहिल्या रात्री झोप लागत नाही, हा अनुभव सगळ्यांना असतो. पाहुण्यांकडं गेलो की सकाळी अंग आंबलेलं. शास्त्रज्ञांनी त्याचं कारण फार पूर्वीच काढलं होतं. अनोळखी जागी मेंदूचा एक अर्धा भाग नीट झोपतो आणि दुसरा, बहुतेक वेळा डावा, कान टवकारून राखण करतो. डॉल्फिन तर कायमच असा झोपतो, अर्धा झोपलेला आणि अर्धा पोहतोय. माणसात ही सोय नावापुरती उरली होती. पट्टीनं ती मोठी केली. कपाळाभोवती रुंद पट्टी बांधायची, तिच्यातून बारीक ध्वनिलहरी जातात आणि मेंदूचा एकेक अर्धा भाग पाळीपाळीनं गाढ झोपवतात. चाळीस मिनिटं उजवा, चाळीस मिनिटं डावा. हातपाय हलवणारा भाग तेवढा जागा ठेवतात. कंपनीनं त्याला काय तरी लांबलचक नाव दिलं होतं, पण आमच्या कारखान्यात तीन पाळ्या चालायच्या, म्हणून आम्ही म्हणायला लागलो पाळीपट्टी. चार-पाच दिवस माणूस न थांबता जागा राहू शकायचा. जागा म्हणजे, अर्धा.

आता हा अर्धा कसा असतो ते ऐका. डावा भाग झोपला की मी जरा बावळटासारखा व्हायचो. शब्द सापडायचे नाहीत, नुसता गुणगुणायचो, पण रस्ता छान कळायचा. उजवा झोपला की उलटं. बोलायला एकदम चलाख, वेग-अंतर तोंडपाठ, पण डावी बाजू गायब. डोळ्यापुढं अंधार वगैरे येत नाही, तसं झालं तर निदान कळेल तरी. जगाला डावी बाजू असते हेच डोक्यातून पुसलं जातं. चित्र डोळ्यातून आत पोचतं, पण त्याला 'या, बसा' म्हणायला कुणी जागा नसतं. वर जागा असलेला डावा मेंदू मोठा बिलंदर. त्याला एखादी गोष्ट ठाऊक नसली तरी तो गप्प बसत नाही, काहीतरी जुळवून ठणकावून सांगतो आणि स्वतः त्यावर विश्वास ठेवतो.

पहिल्यांदा पट्टी बांधून घरी जेवायला बसलो, तेव्हाची गंमत आहे. ताईनं ताट वाढलं. मी म्हटलं, "ताई, खर्डा नाही केलास? आणि मीठ कुठाय?"

"वाढलंय की सगळं."

"कुठाय? भाजी आहे, आमटी आहे, बास."

दाजी म्हणाले, "अरे डोळे आहेत का बटाटे?"

आपल्याकडं मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर ताटाच्या डाव्या बाजूला वाढतात. तेवढी बाजू मला नव्हतीच. ताईनं ताट धरलं आणि अर्धं फिरवलं. खर्डा समोर हजर. मी खूश होऊन दोन घास खाल्ले आणि ओरडलो, "आयला, आता भाजी कुणी उचलली?" घरात हसून हसून मुरकुंडी वळली. ताईच्या डोळ्यांना पाणी आलं होतं हसून. त्यानंतर आठवडाभर आमच्याकडं "पृथ्याचं ताट फिरवा" हाच विनोद चालला होता.

दाजी मात्र हसून झाल्यावर म्हणाले, "मी नाही बांधणार हे. झोप म्हणजे झोप. हप्त्यानं कसली झोप?" आणि खरंच नाही बांधली.

या डाव्या बाजूवर कंपनीनं तोडगा काढलेला होता. शिरस्त्राणावर डाव्या कानाच्या वर शर्टच्या बटणाएवढा कॅमेरा. तो डावीकडचं चित्र काढून गॉगलच्या उजव्या कोपऱ्यात दाखवायचा. फक्त तो कॅमेरा थांब्याथांब्यावर पुसावा लागायचा, आणि तो स्वतःचा स्वतः पुसायची सोय नव्हती. जो डावी बाजू विसरलाय तो डाव्या बाजूचा कॅमेरा पुसायचं कसं लक्षात ठेवणार? म्हणून शर्यतीत रीतच पडली होती. निघताना जोडीदारानं जोडीदाराचा डावा डोळा पुसायचा. काही जोड्या एकमेकांच्या पाठीवर थाप मारायच्या, काही काय. दाजी हातमोज्याच्या अंगठ्यानं माझा कॅमेरा पुसायचे आणि शिरस्त्राणावर दोनदा टकटक करायचे. म्हणजे चल.

*

तिसऱ्या दिवशी आम्ही तिसरे होतो. पुढच्या जोडीपेक्षा चाळीस मिनिटं मागं.

दाजी बावन्न वर्षांचे. रोज चार तास झोपल्याशिवाय त्यांना गाडी हाकता यायची नाही, आणि तेवढे चार तास मला काही करता यायचं नाही. मी चौकीत येरझाऱ्या घालायचो. इंजिन पुसलेलं परत पुसायचो. पट्टी बांधून सलग तीन दिवस जागं राहिलं की माणूस शांत बसूच शकत नाही, अंगात मुंग्या भरल्यासारखं होतं. इतर जोड्या पेट्रोल भरून दहा मिनिटांत सुटायच्या आणि मी घोरणाऱ्या दाजींकडं बघत उभा. मला त्यांचा राग येत होता. सांगायला लाज वाटते, पण येत होता.

दुपारी बाराच्या सुमारास एका मासेमारांच्या रिकाम्या खोपटाशी आम्ही पेट्रोल भरायला थांबलो. वारा सुटला होता, भुरभुर बर्फ उडत होता. दाजी म्हणाले, "पृथ्वी, अर्धा तास थांबू. डोळे मिटायला लागलेत माझे."

"आता? अहो, पुढचे दिसायला लागलेत आपल्याला!"

"दिसू देत की. पळून कुठं जाणारायत?"

"तुमच्यामुळं मागं पडतोय आपण. प्रत्येक चौकीत तेच. तुम्ही नसता ना दाजी, तर मी आत्ता पहिला असतो."

बोलून गेलो. दाजींनी माझ्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा मिश्यांवरच्या बर्फानं पांढरा झाला होता, रागावलेत का काय ते कळेना. मग त्यांनी गॉगल चढवला, म्हणाले, "बरं. चल मग." आणि सवयीनं अंगठा पुढं केला, माझा कॅमेरा पुसायला.

"राहू दे ओ," मी म्हणालो आणि मान झटकून गाडी सोडली.

माझा कॅमेरा तेव्हा बर्फानं लिंपलेला होता. गॉगलनं इशारा द्यायला हवा होता. पण चित्र काळं पडलं तरच तो इशारा द्यायचा, आणि बर्फानं लिंपलेला कॅमेरा पांढरं दाखवतो. बाहेर सगळं पांढरंच. यंत्राला वाटलं, ठीक चाललंय.

साडेबाराच्या आसपास पट्टीनं माझा उजवा मेंदू झोपवला.

पुढचा अर्धा तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात हलका वेळ होता. मागं वळून बघायची गरज नाही. कुणासाठी वेग कमी करायचा नाही. नदी होती, उजवा काठ होता, काठावर काळपट झाडं होती आणि मी होतो. दर मैलाच्या खुणेला पुढच्यानं हात वर करायचा आणि मागच्यानं दिवा उघडझाप करायचा, अशी आमची पद्धत. मी प्रत्येक खुणेला हात वर केला. उजव्या आरशात बघितलं. दिवा नव्हता. मग तो नसायचाच असेल, असं माझ्या डोक्यानं सांगितलं आणि मला ते पटलं.

एक वाजता मी चौकीत पोचलो आणि ताईनं विचारलं, हे कुठायत.

*

चौकी म्हणजे गावातली शाळा. ताई विमानानं आमच्या पुढं पुढं येऊन सुटे भाग आणि भाकरी घेऊन थांबायची. तिनं माझी कॉलर धरून मला आत ओढलं. शर्यतीच्या डॉक्टर, पीटर्सबाई, धावत आल्या आणि त्यांनी माझी पट्टी उतरवली.

झोपलेला अर्धा एकदम जागा होत नाही, चार-पाच मिनिटं लागतात. आधी मला दाराच्या चौकटीची दुसरी बाजू दिसली. मग शेगडी, तिच्यावरचं पातेलं. मग डावीकडच्या खिडकीतून बाहेर उभी केलेली माझी गाडी दिसली, आणि तिच्या शेजारची रिकामी जागा दिसली.

मी किंचाळलो. काय किंचाळलो ते आठवत नाही. दाराकडं धावलो तर ताईनं मला भिंतीशी दाबून धरलं. ताई माझ्यापेक्षा वीतभर बुटकी आहे.

"आधी सांग. कुठं सोडलंस त्यांना?"

"ताई, मला—"

"कुठं?"

प्रत्येक गाडीवर जागा कळवणारं यंत्र असतं, ते दर दहा मिनिटांनी बोलतं. दाजींचं यंत्र शेवटचं बोललं बारा चाळीसला. बारा पन्नासला मुकं. म्हणजे गाडी पाण्यात गेली असणार. या नद्यांवर बर्फाच्या थरावर कधीकधी पाणी चढतं आणि त्यावर परत पातळ पापुद्रा धरतो. वरून कळत नाही. पापुद्रा फुटला की गाडी आणि माणूस कमरेएवढ्या पाण्यात.

गावातले चार जण गाड्या तापवून तयार होते. त्यांचा म्होरक्या वॉल्टर नावाचा म्हातारा, जन्म सगळा त्या नदीवर गेलेला. त्यानं नकाशा पसरला. "दहा मिनिटं म्हणजे पंधरा-सोळा किलोमीटरचा टप्पा. नदी इथं तीन किलोमीटर रुंद, मधे बेटंच बेटं, तीन फाटे. वारा आता वाढलाय, पन्नास पावलांवरचं दिसत नाही. चार माणसांनी सगळं धुंडाळायचं तर तीन तास. भिजलेल्या माणसाकडं तीन तास नसतात. तासभर, फार तर."

"तू काय बघितलंस?" डॉक्टरांनी मला विचारलं.

मी सांगायला लागलो. उजवा काठ मला इत्थंभूत आठवत होता. कोसळलेली दरड, तीन कावळे, विजेच्या तारेचा खांब. सगळं उजवीकडचं. डावीकडचं विचारलं की काही नाही. मी डोकं भिंतीवर आपटायला लागलो, शब्दशः.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "त्याची डावी बाजू मुळातच नोंदली गेली नाही. जबरदस्ती करून येणार नाही."

ताई माझ्याकडं बघत होती. मग म्हणाली, "ताट फिरवा त्याचं."

डॉक्टरांना कळेना. ताईनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत खर्ड्याची गोष्ट सांगितली, हातांनी ताट फिरवून दाखवलं. नवरा बर्फात पडलेला आणि ही बाई खर्डा समजावून सांगतेय. डॉक्टर ऐकता ऐकता सावकाश उभ्या राहिल्या.

"हे कुणीतरी केलंय," त्या म्हणाल्या. "फार वर्षांपूर्वी. मेंदूचा उजवा भाग दुखावलेल्या रुग्णांना त्यांच्याच गावातल्या चौकाची कल्पना करायला सांगितली. एका टोकाला उभं राहून ते फक्त उजवीकडच्या इमारती सांगायचे. मग सांगितलं, समोरच्या टोकाला जाऊन उभे राहा. तर मघाशी सोडलेल्या सगळ्या इमारती धडाधड सांगितल्या. चित्र आत असतं. बघायची बाजू तेवढी बदलावी लागते."

"मग बांधा पट्टी परत," ताई म्हणाली.

"पण तो काठ यानं पाहिला तेव्हाच उजवा मेंदू झोपलेला होता. चित्र आत पोचलंय की नाही, खात्री नाही."

"बांधा."

बांधली. तीन मिनिटांत उजवा मेंदू परत झोपला, आणि घाबरणं, रडणं, सगळं त्याच्याबरोबर गेलं. खुर्चीत एक स्वस्थ माणूस उरला. ताई माझ्या उजव्या हाताला येऊन बसली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पृथ्या, डोळे मिट. आपण परत निघालोय. आलास त्याच्या उलटं. शाळा तुझ्या पाठीमागं. समोर नदी. उजव्या हाताला काय आहे?"

"मासे वाळवायचं मचाण," मी म्हणालो.

वॉल्टरनं नकाशावर बोट ठेवलं. ताईनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"पुढं चल. उजव्या हाताला?"

"पालथी होडी. पांढरी. तिच्यावर जुनं टायर."

"पुढं."

"दोन बेटं. मधून वाफ येतेय. पाणी उघडं आहे."

"आणि?"

"दिवा. उभा."

"उभा म्हणजे कसा?"

"गाडी मागून बुडलीय. दिवा वर, आभाळाकडं."

"आणि?"

"गाडीवर माणूस उभा आहे. हातमोजा काढून हलवतोय. लाल हातमोजा."

माझ्या गुडघ्यावरचा हात घट्ट झाला. "मग तू काय केलंस?"

"पुढं आलो," मी म्हणालो. "रस्ता मोकळा होता."

वॉल्टर केव्हाच दाराबाहेर होता. ती होडी त्याच्या चुलत्याची होती, म्हणे. जागा चौकीपासून एकोणीस किलोमीटरवर, डाव्या काठाच्या अरुंद फाट्यात. मला गाठायला दाजी डावीकडून माझ्या पुढं निघून गेले होते, तेही मला दिसलं नव्हतं. बेचाळीस मिनिटांनी त्यांनी दाजींना शाळेत आणलं. जबडा आवळला होता, बोलता येत नव्हतं, पण जिवंत होते.

*

शहरातल्या इस्पितळात दाजींच्या उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. ज्या हातानं मोजा काढून हलवला होता, तोच हात. मोजा पाण्यात पडला, मग नुसता हात हलवत राहिले होते.

मी चार दिवस बाकावर बसून काढले. आता पट्टी नव्हती आणि झोपही नव्हती, दोन्ही अर्धे टक्क जागे. एकच गोष्ट मला खात होती. डॉक्टर म्हणाल्या होत्या, मनाला लावून घेऊ नका, झोपलेल्या भागाला इच्छा नसते, राग नसतो. ठीक आहे. पण मी दाजींना म्हणालो होतो, तुम्ही नसता तर मी पहिला असतो. आणि पुढच्या अर्ध्या तासात माझ्या डोक्यानं त्यांना नाहीसं केलं. झोपलेल्याला इच्छा नसेल. जो जागा होता त्याला तर होती की. हे मी कुणाला विचारू?

ताई माझ्याशी बोलत नव्हती. चहा तेवढा आणून द्यायची.

पाचव्या दिवशी सकाळी दाजी उशीला टेकून बसले होते. हाताला भलंमोठं बँडेज. मी दाराशीच घुटमळलो तर म्हणाले, "ये की आत. पाहुण्यासारखा काय उभारलास?"

मी गेलो. ते म्हणाले, "एक विचारू पृथ्वी? तुला दिसलो होतो का रे मी?"

मी तोंड उघडायच्या आत ताई बोलली. चार दिवसांत पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलली. "न्हाई ओ. त्याला कुठलं दिसतंय? अर्धा झोपला होता तो. कॅमेऱ्यावर बर्फ होता. डॉक्टर बोलल्यात तसं, विचारा हवं तर." आणि तिनं माझ्याकडं बघितलं. तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, लाल हातमोजा, रस्ता मोकळा होता, सगळं. तरी ती मला वाचवत होती. मी नुसती मान हलवली असती तर विषय तिथंच मिटला असता. दाजींनी परत कधी विचारलं नसतं.

"दिसला होता, दाजी," मी म्हणालो. "दिसला होता. मी पुढं गेलो."

ताईनं डोळे मिटून घेतले.

दाजी सावकाश म्हणाले, "माहितेय मला. तुझी मान वळली होती. मी बघितली. म्हणून तर हात खाली घेतला मी. म्हटलं, बघितलंय पोरानं, आता येतोय वळून." ते बँडेजकडं बघत राहिले. "मग बराच वेळ परत वर केलाच नाही."

मला रडू फुटलं. दाजींनी मला रडू दिलं. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत आणि मीही माफी मागितली नाही.

*

याला दोन वर्षं झाली. पट्टी बंद झाली नाही, होणारही नाही. आता महामार्गावरचे ट्रकवाले ती बांधतात, रात्रपाळीच्या नर्स बांधतात, परीक्षेला बसणारी मुलं बांधतात. शेजारचा शिवण यंत्रांचा कारखाना तर सगळ्या कामगारांना देतो. आमच्या कारखान्यात दाजींनी पाटी लावलीय, झोप घरी पुरी करून या. रस्त्यानं गाडी चालवताना समोरून ट्रक आला की मी ड्रायव्हरचं कपाळ बघतो. पट्टी दिसली की मनात येतं, याचा आत्ता कुठला अर्धा जागा असेल, आणि मी कुठल्या बाजूला आहे. मग गाडी कडेला घेऊन थांबतो. लोक मागून हॉर्न मारतात, मारू देत.

इस्पितळातून आल्यापासून दाजी जेवायला माझ्या उजव्या हाताला बसायला लागले. ठरवून नसेल. ताई वाढायची, कामापुरतं बोलायची. मीठ, लिंबू, खर्डा वाढताना तिचा हात माझ्या ताटाच्या डाव्या बाजूशी जरा अडखळायचा आणि पुढं जायचा. दोन वर्षं रोज हे मी बघत होतो.

गेल्या रविवारी मी पाट उचलला, दाजींना वळसा घातला आणि पलीकडच्या अंगाला जाऊन बसलो. आता ते माझ्या डाव्या हाताला. दाजींनी भुवई उंच केली. ताई ताट घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. मग खाली बसली. मीठ वाढलं. लिंबाची फोड ठेवली. खर्डा वाढला. आणि ताटावरचा हात न उचलता विचारलं, "दिसतंय का रे सगळं?"

"दिसतंय," मी म्हणालो आणि मान डावीकडं वळवली. दाजी दोन बोटांत चमचा धरून आमटीभात कालवत होते. त्यांचा पहिला घास तोंडात जाईपर्यंत मी माझ्या ताटाला हात लावला नाही.